पडदा, उत्तरेचा उजेड आणि लिसा : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४

प्रकल्प ठरला. १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या उंची फॅशनच्या फोटोंमधला डौल नेमका कशामुळे येतो, ते हातानं करून बघायचं. वाचन पुष्कळ झालं. आता पडदा रंगवायचा, उत्तरेच्या खिडकीशी टांगायचा, एक कोट शिवून घ्यायचा आणि फिल्मवर फोटो काढायचे. जमले तर निवडक प्रिंट कोल्हापुरातच एखाद्या भिंतीवर लावायचे.

सुरुवात १९४७ पासून, कारण त्या वर्षी १२ फेब्रुवारीला ३०, आव्हेन्यू माँतेन या पत्त्यावर ख्रिश्चन डिओर या फॅशन डिझायनरनं कपड्यांचा आपला पहिला संग्रह दाखवला. उतरते खांदे, आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत येणारा घेर. 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लूक' म्हटलं आणि तेच नाव पडलं. युद्धाच्या काळात कापड मोजून मिळत होतं. ब्रिटनमध्ये तर कपड्यांचं रेशनिंग १९४९ पर्यंत चाललं. अशा वेळी एवढा घेर बघून लोक सुखावले तसे संतापलेही. शेवट १९५७ ला, कारण त्या ऑक्टोबरात डिओर गेले. पुढच्याच वर्षी 'बझार'चे कला-दिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविचही बाहेर पडले. फॅशन पुढेही चालू राहिली, पण ही विशिष्ट शांतता हळूहळू गेली.

माझं म्हणणं आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तपासता येईल. हा डौल जन्मजात चेहऱ्याचा नाही आणि कापडातून आपोआपही येत नाही. तो शिकून, सरावानं, अंग दुखेपर्यंत उभं राहून कमावलेला आहे, आणि त्याचं निम्मं श्रेय मॉडेलचं आहे.

८ नोव्हेंबर

आज दिवसभर अर्व्हिंग पेन या अमेरिकन फोटोग्राफरचं १९५० सालचं पॅरिसचं काम बघत होतो. 'व्होग' या फॅशन मासिकानं त्याला त्या हंगामाचे संग्रह टिपायला पाठवलं होतं. रू द व्होजिरार या रस्त्यावर फोटोग्राफी शाळेच्या जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर त्याला जागा मिळाली. उत्तरेकडून येणारा उजेड आणि मागे नाटकाचा एक जुना, टाकाऊ पडदा, बास. राखाडी, ढगाळ, डागाळलेला पडदा. कपडे फॅशन घराण्यांकडून सायकलवरून यायचे आणि काम झालं की लगेच परत जायचे, कारण तेच कपडे गिऱ्हाइकांनाही दाखवायचे असत.

त्या पडद्यासमोर लिसा फॉन्साग्रिव्ह उभी राहिली, बेटिना उभी राहिली, रेजीन देब्रीझ उभी राहिली, सगळ्या त्या काळच्या मॉडेल. आणि मला सगळ्यात भावतं ते हे, की फॅशनच्या त्याच दिवसांत पेननं खाटीक, पाववाले, काचा बसवणारे अशा कष्टकऱ्यांना त्यांच्या कामाच्या कपड्यांत, हत्यारांसह बोलावून त्याच पडद्यासमोर, त्याच उजेडात उभं केलं. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही ही मालिका चालू ठेवली. बालेन्सियागा या डिझायनरचा गाऊन आणि खाटकाचा ॲप्रन दोन्हीकडे तो सारख्याच आदरानं बघतो. हा पडदा त्यानं आयुष्यभर जपला. २०१७ साली त्याच्या जन्मशताब्दीला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तो टांगला होता.

तेव्हा पहिलं काम पडद्याचं. कोल्हापुरात पडदा रंगवून घेण्यासारखं दुसरं भाग्य कुठलं? आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी याच गावात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. त्या परंपरेतला एक म्हातारा हात अजून चालतोय, असं कळलं आहे.

१४ नोव्हेंबर

पडदेवाल्या काकांकडे गेलो. पेनच्या फोटोचा प्रिंट पुढे ठेवला. बराच वेळ बाईकडे बघितलंच नाही त्यांनी, थेट मागच्या पडद्यावर बोट ठेवलं. "हा धुतलाय," म्हणाले. "कुणीतरी वरून पाण्याचा हात फिरवलाय. नवीन रंगवून असं येत नाही, रंगवून पुसायला लागतं."

जाड मांजरपाट घ्यायचं ठरलं. तीन पन्हे जोडून, शिवण आडवी, म्हणजे उभी रेष माणसाच्या डोक्यामागे येत नाही. आधी सरस आणि खडूचा पातळ हात, मग राखाडीचा मुख्य हात, मग ओलं असतानाच स्पंजनं थोपटून जागोजागी उतरवायचा. काकांनी एक गोष्ट बजावली: सरसातला रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की चांगलाच फिकट होतो. म्हणून आधी एका चिंधीवर पट्टे ओढून ते उन्हात वाळवले, वाळलेल्या पट्ट्यांवर लाइट मीटर धरला आणि मग रंग पक्का केला.

२१ नोव्हेंबर

पडदा वाळला. अप्रतिम. डागांच्या कडा कुठेही कळत नाहीत. काकांनी खाली दोन हात जास्त कापड सोडलं आहे, जमिनीवर वळवून घ्यायला. पेनच्या कितीतरी फोटोंत पडद्याची कड, जमीन, वरचा दांडा सरळ दिसतो. तो लपवत नाही. मीही लपवणार नाही.

उजेडाबद्दल एक महत्त्वाची नोंद. 'उत्तरेची खिडकी' हा मंत्र युरोपातून आला आहे. पॅरिस ४८ अंशांच्याही वर. तिथे भर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच असतो, म्हणून उत्तरेची खिडकी दुपारभर मऊ उजेड देते. कोल्हापूर पावणेसतरा अंशांवर. इथे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीतही ऊन शिरू शकतं. म्हणूनच हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत ठेवलं. आत्ता दिवसभर खिडकीतून निव्वळ आकाशाचा उजेड येतो, सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत जवळपास एकसारखा.

चारशे आयएसओच्या फिल्मला खिडकीजवळ ५.६ च्या ॲपर्चरवर एक तीसांश सेकंदाचं शटर मिळतंय. म्हणजे तिपाई हवी, आणि समोरच्या माणसानं स्थिर राहायला हवं. जुन्या फोटोंतल्या त्या निश्चलतेमागे हे साधं गणित आहे. शटर हळू असलं की पोझ नुसती घेऊन भागत नाही, धरून ठेवावी लागते.

२७ नोव्हेंबर

मावसबहीण तयार झाली. ती वीस वर्षं भरतनाट्यम करते आणि शिकवते. मी मुद्दाम नर्तकीच शोधत होतो, कारण लिसा.

लिसा फॉन्साग्रिव्ह १९११ साली स्वीडनमधल्या उद्देवाला गावात जन्मली. नाच शिकली, पॅरिसला गेली, एका नर्तकाशी लग्न केलं. १९३६ मध्ये हॉर्स्ट या फोटोग्राफरनं 'व्होग'साठी तिचे चाचणी फोटो काढले. आपल्याला यातलं काही येत नाही म्हणून ती लूव्र संग्रहालयात गेली आणि जुन्या चित्रांतल्या बायका कपडे कशा वागवतात, हात कुठे ठेवतात, हे बघत बसली. मॉडेलिंगला ती 'स्थिर नाच' म्हणायची. १९३९ मध्ये फोटोग्राफर अर्विन ब्लूमेनफेल्डसाठी ती आयफेल टॉवरच्या लोखंडी सांगाड्यावर कडेला उभी राहिली, एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं झगा वाऱ्यावर पसरून. खाली अख्खं पॅरिस. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. १९४९ मध्ये ती 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आली. १९५० मध्ये तिनं पेनशी लग्न केलं आणि नंतर ती शिल्पकार झाली. स्वतःला मात्र ती 'कपडे अडकवायचं चांगलं हँगर' एवढंच म्हणत राहिली. मला हे वाक्य पटत नाही. पेनचा 'रोशास मर्मेड ड्रेस' समोर ठेवला की दिसतं, कंबरेपासून मानेपर्यंत एकच वळण आहे आणि ते तिच्या पाठीच्या कण्यानं काढलेलं आहे. हँगरला कणा नसतो.

हे सगळं बहिणीला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "दादा, मग मला फोटो नको दाखवूस एवढ्यात. आधी कपडा दाखव. कपड्याचं वजन कळल्याशिवाय मी उभी कशी राहू?"

५ डिसेंबर

टेलर मास्तरांकडे कोट टाकला. नमुना नक्कल करण्यासारखा नाही, तेवढी विद्या इथे कुणाकडे नाही, पण तत्त्व बालेन्सियागाचं: मान मोकळी सोडणारी, मागे झुकलेली कॉलर, पाठीत हवा, आणि फुगीर बाही. पेननं १९५० मध्ये रेजीन देब्रीझला बालेन्सियागाच्या कपड्यात टिपलं आहे. त्या फोटोचं नावच बाहीवरून आहे. बाई बाजूनं उभी, आणि बाही एवढी मोठी की ती फोटोतलं दुसरं पात्र वाटते.

मास्तरांनी विचारलं, "ही बाही उभी कशी राहणार? कापड तर पडणार." म्हणून आत बकरम, म्हणजे खळीचं ताठ कापड, न घालता कडक सुती अस्तर उरेब, म्हणजे तिरकं, कापून घातलं, आणि मुंढ्याला बारीक चुण्या दिल्या. बकरम घातलं असतं तर बाही पुठ्ठ्यासारखी दिसली असती. उरेब अस्तरामुळे हात हलला की ती सावकाश बसते. पाठीत मात्र मास्तर कच्ची शिलाईच ठेवा म्हणाले, म्हणजे फोटोच्या वेळी टाचण्या लावून हवं तसं बसवता येईल. तेव्हाही हेच चालायचं. नमुन्याचे कपडे घराण्यातल्या मॉडेलच्या मापाचे शिवलेले, फोटोला उभी राहणारी बाई वेगळी. समोरून सगळं निखळ, पाठीमागे टाचण्या आणि चिमटे.

शिवाय त्या काळात फोटोंसाठी मॉडेल बहुधा स्वतःचा मेकअप आणि केस स्वतःच करायच्या. आज ज्या कामाला चारपाच माणसं उभी असतात ते एकटी बाई आरशासमोर करून यायची.

१२ डिसेंबर

पहिला दिवस. कॅमेरा यशिका-मॅट, छातीवर नव्हे तर कंबरेच्या उंचीला. पेन १९५० मध्ये रोलायफ्लेक्स वापरत होता, तीही अशीच वरून डोकावून बघायची दोन भिंगांची पेटी. या उंचीचा मोठा फायदा आहे. भिंग माणसाच्या मध्यावर, कॅमेरा सरळ, त्यामुळे डोकं मोठं आणि पाय आखूड असं होत नाही. अंग लांब दिसतं. डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले दोनतीन फोटो शेजारी ठेवून बघणार आहे.

बहिणीची पहिली अडचण अगदी शिकण्यासारखी होती. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या गुडघे वाकवून उभं राहण्याच्या मूळ स्थितीत, वजन दोन्ही पायांवर सारखं असतं. डिओरच्या काळातली उभं राहण्याची रीत उलटी: वजन मागच्या पायावर, ओटीपोट पुढे, खांदे मागे आणि खाली, मान मात्र वर. तिचं अंग दर खेपेला समतोल शोधायचं. मग तिनं स्वतःच मार्ग काढला. मागच्या पायाची टाच घट्ट रोवायची, पुढचा पाय नुसता टेकवायचा, आणि श्वास पूर्ण सोडून झाल्यावर मला इशारा करायचा. श्वास सोडला की खांदे आपोआप उतरतात आणि गळ्याशेजारची हाडं दिसतात.

दुसरं, बोटं. भरतनाट्यमच्या हस्तमुद्रेत बोटाच्या टोकापर्यंत ताण जातो. या फोटोंत मनगटात ताण आणि बोटं सैल लागतात. हातमोजे घातल्यावर हा फरक चटकन दिसला: ताणलेली बोटं हातमोज्यात लाकडी वाटतात. शेवटी ती म्हणाली, "बोटं ओली आहेत आणि पाणी निथळू द्यायचंय असं समजते." त्यानंतरच्या फ्रेम बघायच्या आहेत. दोन तासांत तिच्या पाठीला घाम फुटला होता, आणि ती जागेवरून हललीसुद्धा नव्हती.

१८ डिसेंबर

फिल्म धुवायला दिली आहे. तोवर डोव्हिमा या मॉडेलचा एक फोटो.

ऑगस्ट १९५५, पॅरिसची सर्क दिव्हेर ही सर्कस. 'बझार'चा फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडॉननं हत्तींच्या मधोमध डोव्हिमाला उभं केलं. अंगात डिओरचा काळा मखमली गाऊन, त्यावर पांढऱ्या सॅटिनचा लांब पट्टा. हा गाऊन तेव्हा डिओरकडे नोकरीला असलेल्या कोवळ्या ईव्ह सँ लोराँनं काढलेला, त्यानं त्या घराण्यासाठी केलेला पहिला. वरून छताच्या काचेतला उजेड. हत्तींच्या पायांत साखळ्या, त्यांचे पाय उचललेले, आणि ती दोन्ही हात पसरून हनुवटी वर केलेली. बोटं हत्तींना फक्त टेकली आहेत.

पुस्तकाच्या त्या पानावर मी पेन्सिलीनं रेघा ओढल्या. तिच्या हातांची रेष हत्तींच्या सोंडांना मिळते. पट्टा तेवढा सरळ खाली जातो. ॲव्हेडॉनला ही गोष्ट नंतर कायम सलत राहिली. पट्टा बाजूला उडायला हवा होता, म्हणजे हत्तीच्या पायाची रेष पुढे गेली असती, असं त्याला वाटे. मला उलट वाटतं. एवढ्या हलणाऱ्या, जड, सुरकुतलेल्या कातडीमध्ये तो सरळ पांढरा पट्टा हीच एक शांत जागा आहे. २०१० मध्ये ख्रिस्तीजच्या पॅरिसमधल्या लिलावात याचा एक मोठा प्रिंट ८,४१,००० युरोंना गेला, आणि घेतला तो डिओर घराण्यानंच.

आणि ती बाई कोण? डोरोथी व्हर्जिनिया मार्गारेट जुबा, न्यूयॉर्कची. तिन्ही नावांची पहिली दोनदोन अक्षरं जोडून डोव्हिमा. लहानपणी संधिवाताच्या तापानं तिला वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळवलं. तेव्हा चित्रं काढून त्यांवर ती हे नाव घालायची. १९४९ मध्ये 'व्होग'च्या माणसांनी तिला रस्त्यात हेरलं आणि पेनसमोर उभं केलं. पुढचा दात तुटलेला, म्हणून ती ओठ मिटून हसली, तर पेनला मोनालिसा आठवली. पुढे तिला 'मिनिटाला एक डॉलरवाली' म्हणत, म्हणजे तासाला साठ डॉलर. शेवटची वर्षं तिनं फ्लोरिडात एका पिझ्झाच्या दुकानात गिऱ्हाइकांचं स्वागत करण्याच्या नोकरीत काढली आणि १९९० मध्ये ती गेली. फोटोची किंमत आणि तिचं उतारवय शेजारीशेजारी ठेवलं की मला राग येतो, आणि तो इथे लिहून ठेवावासा वाटतो.

२६ डिसेंबर

काँटॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम लहान आकारात एकत्र छापलेला कागद, आलं. कंबरेच्या उंचीचा फरक स्पष्ट दिसतोय. श्वास सोडल्यानंतरच्या फ्रेम ओळखू येतात, खूण न बघताही. बाही उत्तम.

प्रिंट करताना फोटोग्राफर लिलियन बासमनचा विचार मनात होता. १९४९ मध्ये 'बझार'नं तिला पॅरिसच्या संग्रहांना पाठवलं. तिनं आणलेले धूसर, स्वप्नाळू फोटो बघून कार्मेल स्नोनं सुनावलं होतं की तू इथे कला करायला आलेली नाहीस, बटणं आणि बो दाखवायला आली आहेस. बासमन डार्करूममध्ये जाळी, पातळ कागद धरून कडा विरघळवायची, रसायनानं जागोजागी उजळवायची. तिनं काढलेला मॉडेल बार्बरा मलेनचा ल ग्रां व्हेफूर उपाहारगृहातला फोटो बघा: टोपी आणि मान, बाकी सगळं धुकं. पुढे तिनं निगेटिव्ह टाकून दिल्या; वाचलेली काही पुडकी नव्वदच्या दशकात हाती आली, तेव्हा सत्तरी ओलांडलेली बासमन पुन्हा डार्करूममध्ये गेली.

स्नोचं मात्र मला चुकीचं वाटत नाही. कोटाची शिवण दिसली नाही तर मास्तरांचं काम कुठे गेलं? मी या वेळी शिवण ठेवणार. फक्त एका प्रिंटवर बासमनसारखी जाळी धरून बघेन.

३ जानेवारी २०२५

या डौलाच्या दरवाजात कोणाला घेतलं जात नव्हतं, तेही नोंदायला हवं. डोरोथिया टाउल्स ही काळी अमेरिकन मॉडेल १९४९ पासून पॅरिसमध्ये डिओर, स्कियापरेली या डिझायनरांसाठी कपडे घालून चालली, पण अमेरिकी मासिकांची दारं तिच्यासारखीला बंद होती. शांघायमध्ये वाढलेली मॉडेल चीना मशाडो हिचे फोटो ॲव्हेडॉननं १९५९ मध्ये 'बझार'साठी काढले. प्रकाशक अडून बसला, तेव्हा ॲव्हेडॉननं करार पुढे न चालवण्याची धमकी दिली आणि मगच ते छापले गेले. ज्या दशकाची मी एवढी भक्ती करतो त्याचा हा भाग झाकून चालणार नाही.

भारतही त्या पानांत आला, पण पार्श्वभूमी म्हणून. १९५६ मध्ये फोटोग्राफर नॉर्मन पार्किन्सननं मॉडेल ॲन गनिंगला गुलाबी मोहेर कोटात जयपूरला सजवलेल्या हत्तीशेजारी उभं केलं. रंग डोळ्यांना सुखावतो. तरी पेनच्या खाटकाला मिळालेला आदर त्या फोटोतल्या माहुताला मिळालेला नाही, असं मला दर वेळी वाटतं.

म्हणून आपल्या मालिकेत टेलर मास्तर आणि पडदेवाले काका दोघांनाही त्याच पडद्यासमोर उभं करायचं. आज दोघांना विचारलं. मास्तर लगेच 'हो' म्हणाले, गळ्यात टेप ठेवूनच उभा राहीन अशा अटीवर. काका म्हणाले, "मी पडद्यामागचा माणूस." त्यांना पुन्हा विचारणार.

१२ जानेवारी

दुसरा दिवस. आज मी जवळजवळ बोललोच नाही. मनात लीमाचा फोटो होता. पेन आणि मॉडेल जीन पॅचेट पेरू देशात लीमाला गेले. पेन दिवसेंदिवस बघतच राहिला, फोटो काढेना. शेवटी एका कॅफेत कंटाळून तिनं पाय दुखतात म्हणून बूट काढला, मोत्यांची माळ ओठांशी नेली, आणि पेननं तिला तिथेच थांबवलं. १९४९ मध्ये छापलेला तो फोटो आजही ताजा वाटतो, कारण त्यातला कंटाळा खरा आहे.

आम्ही तसं काही रचलं नाही. मी फक्त वाट बघितली. बराच वेळ गेल्यावर बहिणीनं कोटाची कॉलर मागे सारली, मानेमागे हात नेला आणि टाचणी टोचते का ते चाचपलं. कोपर वर, बाही पूर्ण उघडलेली, नजर खाली. मी "थांब" म्हणालो, तिनं श्वास सोडला. ही फ्रेम मालिकेतली मुख्य होणार याबद्दल मला शंका नाही. नंतर मास्तर आले. टेप गळ्यात, कात्री हातात, वजन दोन्ही पायांवर सारखं. त्यांना काहीच सांगावं लागलं नाही.

१९ जानेवारी

प्रिंट निवडले. बहिणीनं काँटॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीनं आपल्या खुणा केल्या, मी माझ्या. जिथे दोघांच्या खुणा जुळल्या तेच घेतले. मानेमागच्या हाताची फ्रेम दोघांचीही.

फोटोंखालच्या ओळींचा प्रश्न ॲव्हेडॉनच्या पद्धतीनं सोडवला. त्याची शीर्षकं अशी: डोव्हिमा आणि हत्ती, संध्याकाळचा गाऊन डिओर, सर्क दिव्हेर, पॅरिस, ऑगस्ट १९५५. आधी मॉडेल, मग कपडा आणि तो करणारा, मग जागा, मग महिना. आपणही तसंच लिहायचं: पहिलं नाव बहिणीचं, मग कोट आणि मास्तरांचं नाव, मग पडदा आणि काकांचं नाव, कोल्हापूर, डिसेंबर किंवा जानेवारी. माझं नाव दाराशी एकदाच.

काकांनी आज निरोप धाडला, येतो म्हणाले, पण पडद्याकडे तोंड करून उभा राहीन. गुरुवारी सकाळी दहाला बोलावलं आहे. फिल्मचा एक रोल त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवला.